स्लॅबवरून ऐकलेली मालिका

"वर कोण आहे?" पाहुण्यानं विचारलं.

"कोणी न्हाई," मालकीणबाई म्हणाल्या. "अँटिना धरायला एक पोरगी हाय."

मी वर होते. त्यांच्या स्लॅबच्या कडेला, लोखंडी पाइप दोन्ही हातांनी धरून. खालच्या कढईतला भज्यांचा वास सरळ वर येत होता. पाहुणा नांदेडचा, शिकलेला, नवा जावई. तो म्हणाला, "लेकराला दोन भजी तरी द्या वर."

"तिला नगं. ती हालली का चित्र हालतंय."

हसू फुटलं. आधी आतल्या खोलीत. मग ओट्यावर, जिथं त्यांच्या भावकीतली माणसं बसायची. मग अंगणात, पार शेवटी, जनावरांच्या हौदापलीकडं, जिथं आमची माणसं बसायची. त्यात माझी माय हसली. अंधारात वर उभं राहून राहून मला प्रत्येकाचं हसणं वेगळं ओळखू यायचं. मायचं हसणं मी ओळखलं. थोडं उशिरा आलं. बाकीचे हसले म्हणून आलं.

मी पाइप घट्ट धरला. चित्र हाललं नाही.

हे मी आज लिहिते आहे त्याला कारण आहे. कारण पुढं सांगेन. आधी टीव्ही कसा आला ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई उगाच जुनं उकरून काढते.

आमचं गाव डोंगरकड्याच्या पलीकडं. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही परभणीत होतो. गावात एकच घर स्लॅबचं, आणि त्याच घरात पहिला टीव्ही आला. लाकडी कपाटासारखा, पुढं सरकती दारं, दारांना कुलूप. चित्र काळंपांढरं. पण आमच्या गावापर्यंत ते धड यायचंच नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मालकांचा सालगडी वर चढून पाइप फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे. आलं! गेलं! थोडं डोंगराकडं! आलं, आलं! गेलं!

एक दिवस मालकीणबाईंनी मला वर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करायला पाठवलं. जिना घराच्या बाहेरून होता. आत पाय न ठेवता वर जाता यायचं, म्हणून त्या कामाला मी चालायची. मिरच्या भरता भरता माझा तोल गेला आणि मी पाइप धरला. खालून एकदम आरडाओरड.

"आलं! स्वच्छ आलं! ए पोरी, हालू नको! तशीच ऱ्हा!"

मी तशीच राहिले. आणि मग दर आठवड्याला तशीच राहत गेले.

माणसाच्या अंगानं तारेला जोर मिळतो असं काहीतरी आहे, ते मला फार नंतर एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. म्हणजे कोणीही धरलं असतं तरी चित्र आलं असतं. पण त्या घरातलं कोणी बिनकठड्याच्या स्लॅबवर, थंडीवाऱ्यात, गार लोखंडाला धरून उभं राहणार नव्हतं. आणि तेव्हा गावानं ठरवून टाकलं की या पोरीच्याच हातात काहीतरी आहे. मला तो गुण वाटला. लहान होते. खरंच वाटलं की माझ्या हातात काहीतरी आहे.

माझी माय त्या घरी अंगण झाडायची, गोठा काढायची. टीव्हीच्या संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या बायांना तिथं उभं राहायची परवानगी नव्हती. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीवर निळा झेंडा होता, घरात बुद्धाची तसबीर होती, आणि त्या घराच्या तोंडात आमचं जुनंच नाव होतं. माझ्यामुळं चित्र येतंय म्हटल्यावर मायनं धीर केला. मी तिथंच शेणाची पाटी घेऊन उभी होते.

"मालकीणबाई, माझी पोरगी धरते. मग आमाला बी बसू द्या की. लांबच बसतो."

"बसा. पण हौदाच्या अलीकडं येऊ नका."

झाला सौदा. माझा पहिला सौदा, आणि मी त्यात नव्हते. माझे हात होते. मला कोणी विचारलं नाही. पुढं आयुष्यभर मी सौदेच केले, आणि एक गोष्ट पक्की पाळली: माझ्या वस्तूचा भाव माझ्या डोक्यावरून कोणाला ठरवू दिला नाही. लोक म्हणतात, बाई फार तिखट. असू द्या.

हौदापलीकडून टीव्ही केवढा दिसायचा? मायनं एकदा मला तळहात दाखवला. एवढा. आणि त्यातही पुढच्यांची डोकी. तरी त्या एका संध्याकाळी माय तोंड धुवायची, दुसरं लुगडं नेसायची, केसाला पाण्याचा हात लावायची. एरवी ती कोणाच्या लग्नालाही अशी निघायची नाही. मला म्हणायची, "आपण बी माणसात बसून राहिलो, बाई." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलेल्या जागेवर सडा पडायचा. शेण मायच कालवून द्यायची. टाकायच्या मालकीणबाई. माय बाजूला उभी राहून बघायची आणि सडा सगळीकडं बराबर पडला की नाही तेही सांगायची.

मालिका एका शहरातल्या घराची होती. विधवा आई शिवणकाम करायची. दोन बहिणी. थोरली नोकरी करायची, धाकटी शिकायची. थोरलीचं लग्न दर वेळी जमायचं आणि मोडायचं. भाषा हिंदी, पण आमच्याकडं बाजारात निम्मं बोलणं तसंच, म्हणून सगळं कळायचं. मी एकही भाग पाहिला नाही. सगळे ऐकले. दारातून आवाज वर यायचा. शिलाई मशीनचा आवाज थांबला की मला कळायचं, आता आईला राग आलाय. थोरली बोलायच्या आधी श्वास घ्यायची. तो श्वास मला ऐकू यायचा. खाली बघणाऱ्यांना तो ऐकू येत नसणार. ते तिच्या साडीकडं बघत होते.

मी तिला चेहरा दिला होता. काळी, उंच, कपाळ रुंद, पुढचा एक दात थोडा पुढं. आता कळतं, तो माझ्या मायचाच चेहरा होता. वर मी एकटीच असायची. खाली गाव, वर मी आणि ती. ती बोलायची, मी ऐकायची. कधी कधी ती गप्प बसली की मी हळूच उत्तर द्यायची. एवढंच माझं बोलणं. दुसरं कोणी माझ्याशी बोलत होतं कुठं? खालून माझ्याशी फक्त दोन शब्द बोलले जायचे. आलं आणि गेलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्या पोरी मालिकेवर बोलायच्या. थोरलीनं काल कोणती साडी नेसली होती, धाकटीनं केस कसे कापले. मी मध्ये पडायची. कोण काय म्हणालं ते मला शब्दाला शब्द पाठ असायचं. मी थोरलीचं बोलणं तिच्या आवाजात म्हणून दाखवायची. पोरी थोडा वेळ ऐकायच्या. मग त्या घरची मुलगी, बेबीताई, माझ्याच वर्गात होती, ती म्हणायची, "तू तर बघितलीच न्हाईस. तुला काय कळतंय?"

एकाच वर्गात होतो आम्ही. तरी ती ताई आणि मी ए पोरी.

एकदा तिनं पेपरातला एक तुकडा आणला. त्यात मालिकेतल्या बाईंचा फोटो होता. "ही बघ थोरली." मी बघितलं. गोरी. नाक सरळ. गालावर खळी. केस फुगवलेले.

"ही नव्हं," मी म्हणाले.

"नव्हं म्हंजे?"

"थोरली अशी नाही. ती काळी हाय."

सगळा वर्ग हसला. गुरुजीसुद्धा हसले. बेबीताईनं घरी जाऊन सांगितलं आणि त्या आठवड्यात ओट्यावरची माणसं मला वर बघून विचारत होती, "काय गं, थोरली काळी हाय व्हय?" त्या दिवशी पहिल्यांदा मला मालिका नीट ऐकू आली नाही. आवाज तोच होता, पण तो आता त्या गोऱ्या बाईचा झाला होता. माझी मैत्रीण गेली. वर आता खरंच कोणी नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या होत्या तसं.

तरी मी धरत राहिले. मायसाठी. माय हौदापलीकडून तळहाताएवढं बघायची आणि घरी येताना सगळ्या वाटेनं मला सांगत यायची. मला सगळं माहीत असायचं. तरी मी विचारायची, मग? मग काय झालं? ती सांगताना हात हलवायची, आवाज काढायची. माझ्या मायला एवढं बोलताना मी दुसऱ्या कशावर पाहिलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आभाळ भरून आलं. पाऊस नव्हता, विजा होत्या. दूर डोंगरावर पडत होत्या, मग जवळ यायला लागल्या. त्या दिवशी थोरलीचं लग्न होतं. या वेळी नक्की लागणार, असं सगळं गाव आठवडाभर बोलत होतं. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मायनं डोक्याला तेल लावलं होतं.

शेतातल्या बाया वीज कडाडली की हातातलं खुरपं लांब फेकतात. हे मला चालता यायला लागल्यापासून माहीत होतं. आणि माझ्या हातात माझ्या तिप्पट उंचीचा लोखंडी पाइप होता. मी खाली ओरडले, "मालकीणबाई, विजा व्हायल्या!"

"थोडंच राहिलं! धर!"

मग एक वीज अशी पडली की सगळं गाव पांढरं दिसलं. आणि खिडकीतून मला मालकीणबाईंचा आवाज आला. घाबरलेला. आईचा आवाज.

"बेबे, खिडकीपासून सरक! गजाला हात लावू नको, लोखंड हाय ते! वीज वढतंय!"

आणि लगेच, त्याच दमात, तोंड वर करून:

"ए पोरी, हालू नको गं! लगीन लागून राहिलं!"

मी ते दोन्ही ऐकलं. मला ऐकायचीच सवय होती. एक लोखंड बेबीताईचं आणि एक लोखंड माझं. मला कोणी शिकवलं नाही, कोणी भाषण दिलं नाही. त्या दोन वाक्यांमध्ये जेवढी जागा होती, तेवढ्यात मला सगळं कळलं.

मी पाइप सोडला.

मुंग्या आल्या असणार. एकदम गलका झाला. "गेलं! धर! ए, धर! मेली का काय वर?" आणि त्यात हौदापलीकडून मायचा आवाज. "धर की गं, बाई. एवढं लगीन होऊ दे."

हा आवाज मला अजून ऐकू येतो. बाकीच्यांचे विसरले असते.

मी जिना उतरले. अंगणात आले. हौदाच्या अलीकडं. ओट्याच्या पायरीपर्यंत. कोणी अडवायच्या आत मी बोलले.

"वीज तुमच्या बेबीवर पडती, माझ्यावर पडत न्हाई व्हय?"

मालकीणबाई दारात आल्या. "काय बोलून राहिली ही? उलट्या तोंडाची. जा वर."

"न्हाई जात. बेबीला पाठवा."

आत टीव्हीतून सनईचा आवाज येत होता. चित्र नव्हतं, सनई चालू होती. मग गर्दीतून माय आली आणि तिनं माझ्या कानाखाली मारली. जोरात. मालकीणबाईंना दिसावं म्हणून मारली, हे मला तेव्हाच कळलं. तरी लागलं.

पुढच्या आठवड्यात सालगडी वर उभा राहिला. चित्र आलं. म्हणजे माझ्या हातात काही नव्हतं, हेही गावाला कळलं. आणि आमच्या वस्तीला अंगण बंद झालं.

त्यानंतरचं फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. बंड केलं की आपली माणसं पाठ थोपटतात असं वाटतं ना? माझ्याशी वस्तीतल्या बाया बोलेनात. एक म्हातारी पाण्याच्या आडावर म्हणाली, "एवढं काय मरून चालली हुतीस? आमचं एक सुख हुतं, तेबी घालवलं." सरपणाला जाताना पोरी मला सोडून पुढं जायच्या. मी मागून जायची, मोळी बांधायची, एकटी डोक्यावर घ्यायची. मोळी एकटीनं उचलून डोक्यावर घेणं फार कठीण असतं. कोणीतरी हात लावावा लागतो. मी ती बांधावर ठेवून, खाली वाकून, मान घालून उचलायला शिकले.

मायनं मला पुन्हा मारलं नाही. तिनं मला काही सांगणंच सोडलं. ती वाट, ते हात हलवणं, ते "मग काय झालं ठाऊक हाय का" सगळं संपलं. त्या मालिकेतलं लग्न लागलं की मोडलं, तिला कळलं नाही. मलाही नाही. वस्तीत कोणालाच नाही. आणि विचारायला त्या घरी जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

मी पुढं काय झाले ते थोडक्यात सांगते, कारण ते या गोष्टीचं मोठेपण नाही. लग्न होऊन वसमतला आले. नवरा दारू पिऊन लवकर गेला. मी हळद शिजवायच्या टोळीत मजूर म्हणून लागले. मग टोळी माझी झाली, मग हळद शिजवायचं मशीन माझं झालं. आज आमचं मशीन ट्रॅक्टरमागं लावून गावोगाव जातं. ओली हळद वाफेवर शिजते, बाया ती पसरतात, आणि शेतमालक बांधावर उभा राहून शिजवणीचा भाव पाडायला बघतो. माझ्यापुढं पाडता येत नाही. मी आधी चहा पिते, त्याच्या लेकराबाळांची चौकशी करते, मग हळदीचा एक गड्डा मोडून त्याच्या हातात ठेवते आणि गप्प बसते. गप्प बसणाऱ्यापुढं माणूस आपणच भाव वाढवतो. आणि नाही वाढवला तर मी ओरडते. माझं ओरडणं तीन शेतं ऐकतात.

हातात पैसा आला तसा मी मायला टीव्ही घेऊन दिला. रंगीत, मोठा. तिला वसमतला माझ्या घरी आणलं. टीव्ही लावला आणि खुर्ची समोर ठेवली. माय खुर्चीवर बसली नाही. दाराजवळ गेली, उंबऱ्याला टेकून खाली बसली.

"माय, इथं ये. एवढ्या लांबून काहून?"

"लांबूनच चांगलं दिसतंय," ती म्हणाली.

मी चिडले. खूप बोलले. हे तुझं घर आहे, हा तुझ्या लेकीचा टीव्ही आहे, कोणाच्या बापाचा नाही. ती ऐकून घेत होती. मी दमले तेव्हा तिनं हळूच विचारलं, "त्या थोरलीचं लगीन झालं का गं मग?"

इतक्या वर्षांनी. मी काय सांगणार होते? मी म्हणाले, "झालं."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि उंबऱ्याला टेकून कुठल्यातरी जाहिराती बघत बसली. ती जाईपर्यंत खुर्चीवर बसली नाही. माझ्या मुलानं नंतर मोबाइलवर ती जुनी मालिका खूप शोधली. बाकीच्या सापडतात. ती सापडली नाही.

आता कारण.

आमच्या शाळेच्या जुन्या मुलांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. मला कोणी घातलं माहीत नाही. सगळे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले, सकाळी उठून फुलांचे फोटो पाठवतात. गावात जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरलाय. मागच्या आठवड्यात मी शेतात होते, मशीन चालू होतं, आणि बेबीताईचा लांबलचक मजकूर आला. ती पुण्यात असते. तिनं लिहिलं होतं की आमच्या घरच्या टीव्हीपुढं सगळं गाव एकत्र बसायचं, जात नाही, पात नाही, काय ते दिवस, काय ते प्रेम. खाली हात जोडल्याची चित्रंच चित्रं. सगळ्यांनी जोडले. आमच्या वस्तीतल्या दोघांनीही जोडले. मग कोणीतरी लिहिलं, "आणि आपली अँटिनावाली कुठं आहे?" खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे.

मी मोबाइल हळदीच्या ढिगावर फेकला. बाया बघत राहिल्या. मी म्हणाले, काय बघता, पसरा हळद.

संध्याकाळी बेबीताईचा फोन. इतक्या वर्षांत पहिला.

"अगं, ओळखलंस का? किती मोठी झालीस म्हणे तू! आम्हाला सगळ्यांना अभिमान आहे हं."

"बोला, बेबीताई."

"मेळाव्यात आम्ही एक छोटं नाटुकलं बसवतोय. जुन्या टीव्हीचं. सगळे स्टेजवर बसणार, आणि मागं टेबलावर तू अँटिना धरून उभी. मध्ये मध्ये ओरडायचं, आलं का, आलं का! पोट धरून हसतील सगळे. शेवटी तुझा सत्कार."

मी आधी गप्प बसले. सौद्यात बसते तशी. ती बोलत राहिली.

"तू हवीसच. तुझ्याशिवाय मजा नाही."

"बेबीताई, त्यात विजा दाखवणार का?"

"विजा? कसल्या विजा?"

तिला आठवत नव्हतं. मी तिच्या आवाजावरून सांगते, ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. मी तिला सांगितलं. खिडकी, गज, तिची आई, मी. तिला सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "अगं, आई बिचारी जुन्या वळणाची होती. आता नाही ती. आणि तेव्हा सगळीकडं तसंच होतं ना? किती दिवस मनात ठेवायचं? गमतीनं घे."

"तुझी गंमत मला नको," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला तू म्हणाले.

आवाज थंड झाला. "बरं. तुझी मर्जी. मग आम्ही दुसरं कोणी बघतो. तुमच्या वस्तीतली एखादी मुलगी घेऊ. शाळेतल्या मुली तयारच असतात."

फोन ठेवला. मला झोंबलं ते शेवटचं. मी नाही तर दुसरी. माझ्या जागी सालगडी उभा राहिला होता तसं.

दुसऱ्या दिवशी कळलं, कोणती मुलगी ते. माझ्या धाकट्या भावाची लेक. शाळेत सातवीला आहे, फार चुणचुणीत. भाऊ गावातच असतो. मी त्याला फोन लावला.

"पोरीला विचारलंस का?"

"त्यात काय इचारायचं, अक्का? नाटकच हाय की. तेंनी ड्रेस देऊन राहिले. फोटो पेपरात येणार म्हणतेत."

"ती वर उभी राहणार आणि सगळं गाव तिला हसणार. कळतंय का तुला?"

"तू फार ताणून राहिली, अक्का. गावात आमाला राहायचं हाय. तुझं बरं हाय, तू वसमतला."

"बुवा, माय असती तर काय म्हणाली असती?"

तो म्हणाला, "मायनं तर तुलाच मारलं हुतं."

खरं होतं. फोन कानाला तसाच होता. पलीकडं कोणीतरी त्याला चहाला बोलावत होतं. तो म्हणाला, ठेवतो. मी अंगणात एकटी बसले. मशीनवरचे गडी गेले होते. मुलगा हिंगोलीला होता. माझ्या बाजूनं बोलणारं एक माणूस मी मनात शोधलं. माझ्या गावात, माझ्या वस्तीत, माझ्या रक्तात. सापडलं नाही. वयाच्या या टप्प्याला, स्वतःचं मशीन दारात असताना, मी तेवढीच एकटी होते जेवढी त्या आडावर होते.

ठीक आहे.

मी मेळाव्याला जाणार. बोलावणं सगळ्यांना आहे, मलाही आहे. मी पहिल्या रांगेत बसणार, खुर्चीवर. नाटक सुरू होईल, माझ्या भावाची लेक टेबलावर चढेल, आणि पहिलं हसू फुटायच्या आत मी उभी राहीन. पोरीला खाली ये म्हणेन. आली तर बरं. नाही आली तरी मी बोलणार. त्या घरच्या टीव्हीपुढं कोण कुठं बसलं होतं, कोणाच्या जागेवर सकाळी सडा पडायचा, वीज पडताना कोणत्या लेकराला मागं ओढलं आणि कोणत्या लेकराला हालू नको म्हटलं, हे सगळं नावागावासकट बोलणार. पुण्याचे पाहुणे असतील, असू द्या. गुरुजींचे सत्कार राहतील, राहू द्या. भाऊ तोंड फिरवेल. बाया म्हणतील, हिनं पुन्हा सगळं घालवलं. म्हणू द्या.

मला माईक देणार नाहीत. त्याची गरज नाही. वाफेच्या मशीनच्या आवाजावरून मी रोज बांधापलीकडच्या बायांना हाका मारते. त्या मांडवात शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जाईल, आणि त्याच्याही पलीकडं, आमच्या वस्तीपर्यंत जाईल.